शेजारच्या खोलीतली खिडकी

हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका छोट्या खोलीत दोन माणसं वाचत बसली होती. एकाला खिडकी उघडी हवी होती, दुसरीला बंद. असे वाद आपल्याकडे एसटीत रोज होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याची खिडकी होते. फार तर ती अर्धी उघडतात आणि दोघंही धुसफुसत बसतात. इथे तसं झालं नाही. पहिल्याला मोकळी हवा हवी होती. दुसरीला हवेचं वावडं नव्हतं, थंड वारा थेट अंगावर नको होता, इतकंच. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. हवा आली, वारा लागला नाही.

यातली दुसरी व्यक्ती म्हणजे मेरी पार्कर फॉलेट. मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना हे नाव परीक्षेपुरतं ठाऊक असतं. मला ती भेटली पोस्ट बेसिक नर्सिंग करताना, प्रशासनाच्या पेपरमध्ये. तेव्हा मी एका रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज होते. दिवसभर वॉर्ड आणि रात्री नोट्स. नेतृत्वाचे प्रकार, त्यांचे फायदे-तोटे, पाच-पाच मार्कांचे प्रश्न! पुस्तक वाचून कुणी पुढारी होतं का, असं आमच्या बॅचमधल्या सगळ्याच जणी म्हणायच्या. फॉलेटचं आयुष्य वाचल्यावर मात्र तो प्रश्न मी जरा बाजूला ठेवला.

मेरीचा जन्म १८६८ सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी गावचा. आई सतत आजारी. १८८५ मध्ये वडील गेले आणि घरचा कारभार या विशीच्या आतल्या मुलीच्या गळ्यात पडला. तरी शिकणं सुटलं नाही. हार्वर्ड त्या काळी बायकांना पदवी देत नसे. बायकांसाठी शेजारी वेगळी संस्था होती, तीच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाली. तिथे मेरी १८८८ मध्ये दाखल झाली, मध्ये एक वर्ष इंग्लंडला केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात राहून आली आणि रखडत रखडत १८९८ मध्ये पदवीधर झाली.

गंमत म्हणजे पदवीच्या आधीच, १८९६ मध्ये, तिचं पुस्तक आलं होतं. विषय होता अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा स्पीकर. या माणसाच्या हातात इतकी सत्ता येते कुठून, हे तिने जुने कागद चाळून आणि माजी स्पीकरांना भेटून शोधून काढलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या पुस्तकाचं कौतुक केलं. आणि लिहिणारीला मतदानाचा हक्क नव्हता! अमेरिकेत सगळ्या राज्यांतल्या बायकांना तो मिळाला १९२० मध्ये.

सत्तेच्या शिखराचा अभ्यास झाल्यावर एखादीने विद्यापीठातली खुर्ची शोधली असती. मेरी गेली बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. १९०० च्या सुमारास तिने तिथल्या तरुणांसाठी वादविवाद मंडळ काढलं. संध्याकाळी ही पोरं जाणार कुठे? शाळांच्या इमारती तर कुलूपबंद. मग त्या इमारती रात्री वस्तीसाठी उघडाव्यात म्हणून तिने खटपट सुरू केली. १९११ मध्ये ईस्ट बॉस्टनच्या हायस्कुलात असं पहिलं केंद्र उघडलं. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये किमान वेतन ठरवणारी मंडळं आली, तिथे ती जनतेची प्रतिनिधी म्हणून बसली. टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार आणि मध्ये ही. माणसं मागतात एक आणि त्यांना हवं असतं दुसरंच, हे वस्तीने आणि अशा बैठकांनी तिला शिकवलं.

त्यातूनच तिची पुस्तकं आली, १९१८ मध्ये एक आणि १९२४ मध्ये दुसरं. ती वाचून कारखानदारच तिला भाषणांना बोलावू लागले. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला बड्या अधिकाऱ्यांसमोर ती उभी राहिली, तेव्हा तिने कधी कारखाना चालवला नव्हता. तिने सांगितलं ते साधं होतं. भांडण मिटवायच्या तीन रीती. एकाने दुसऱ्याला दाबायचं, ही पहिली. दोघांनी थोडं थोडं सोडायचं, ही दुसरी. यात भांडण संपत नाही, पुढे ढकललं जातं. तिसरी अवघड: दोघांना नेमकं काय हवंय ते उकलायचं आणि दोघांचंही भागेल अशी नवी वाट काढायची. खिडकीसारखी.

तिचं दूधवाल्यांचं उदाहरण तर आपल्याकडच्या कुठल्याही डेअरीत घडेल असं. डेअरी टेकडीच्या उतारावर. काही गाड्या वरून यायच्या, काही खालून. कॅन आधी कुणी उतरवायचे यावरून सहकारी संघ मोडायची वेळ आली. शेवटी कुणीतरी सुचवलं, की फलाटाची जागाच बदला. दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळी रिकाम्या होऊ लागल्या.

हे वाचत होते तेव्हा आमच्या वॉर्डातही एक फलाट अडला होता! आठ तासांनी द्यायची इंजेक्शनं पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा या वेळांना. आणि दोनलाच ड्यूटी बदलते. सकाळच्या सिस्टर म्हणायच्या, आमची वेळ संपली. दुपारच्या म्हणायच्या, ओव्हर घेतल्याशिवाय पेशंटला हात कसा लावू? दोघींचंही खरंच होतं. पण त्या ओढाताणीत एखादा डोस राहून गेला किंवा दोनदा गेला, तर भोगणार होता खाटेवरचा माणूस.

आम्ही बहुतेक जणी नेतृत्व शिकतो ते आपल्या पहिल्या मेट्रनकडे बघून. त्या रीतीने ऑर्डर काढून विषय संपवता आला असता. पण पुस्तक डोक्यात होतं, म्हणून मी प्रत्येकीला वेगळं विचारलं. सकाळच्यांना काम नको नव्हतं, सव्वादोनची बस हवी होती. घरी पोरं शाळेतून येणार असायची. दुपारच्यांना काम टाळायचं नव्हतं, अनोळखी पेशंटला सुई टोचायची भीती होती. मग आम्ही सगळ्या मिळून डॉक्टरांशी बोललो आणि त्यांच्या संमतीने चार्टवरच्या वेळा तासाभराने अलीकडे आणल्या. पाच, एक, नऊ. एकचा डोस सकाळच्यांनी निवांत द्यायचा, दोनला फक्त ओव्हर. ही वेळ सुचवली आमच्यातल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक वेळी कुठे चर्चा करत बसणार? पेशंटचा श्वास अडकला असताना मीटिंग घेत नाहीत. खरंय. पण त्याचंही उत्तर मेरीकडे आहे. हुकूम माणसाचा नसावा, परिस्थितीचा असावा, असं ती मांडायची. ती वेळ काय मागते ते ज्याला कळतं, त्या घडीचा पुढारी तो. हे वाचल्यापासून इमर्जन्सीत मी आधी बघते, की या घडीला कुणाचा हात चांगला चालतोय. ज्युनिअरला शीर सापडत असेल, तर सीनिअरने टॉर्च धरायचा. पहिल्यांदा हे जरा जड जातं, नाही असं नाही.

सगळीच भांडणं अशी सुटतात असा तिचा दावा नव्हता. दोन पुरुषांना एकाच बाईशी लग्न करायचं असेल, किंवा दोन भावांना वडिलांच्या त्याच जुन्या घरात राहायचं असेल, तर तिथे तिसरी वाट नाही, हे ती मान्य करायची. वाड्याच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको. आणि समोरचा ऐकूनच घ्यायला तयार नसेल तर? माझ्या अनुभवात तिथे हे शास्त्र थकतं.

१९२६ मध्ये तिची तीस वर्षांची सोबतीण इसोबेल ब्रिग्ज गेली. मेरी नंतर काही वर्षं लंडनला राहिली. १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तिने शेवटची भाषणं दिली. नेतृत्व ही जन्मजात देणगीच असते हे तिला पटत नव्हतं. ते शिकता येतं, असं ती तिथे सांगून गेली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला बॉस्टनमध्ये ती वारली. मग जग तिला जवळजवळ विसरलं. १९९५ मध्ये तिच्या लेखनाचं नवं संकलन निघालं, तेव्हा त्याची प्रस्तावना पीटर ड्रकर यांनी लिहिली.

वॉर्डात नवी मुलगी आली की मी तिला एक वही देते. आज कशावरून वाद झाला, कोण काय म्हणालं आणि तिला खरं काय हवं होतं, एवढंच लिहायचं. पहिला आठवडा तिसरा रकाना बहुधा कोराच राहतो. महिनाभरात तो भरायला लागतो.