डॉक्टर आनंदीबाई जोशी व शिकविणाऱ्या हाताचा मार

घरात बायकोला मारण्याचे पाप दारूबाजांच्या व अडाण्यांच्या घरीच राहते, अशी पुष्कळांची समजूत आहे. नवऱ्याने बाटली सोडली, चार अक्षरे शिकला, प्रार्थनेस बसू लागला, म्हणजे ते पाप आपोआप उंबऱ्याबाहेर जाते असे मानले जाते. ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविणारे एक चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते अमेरिकेत जाऊन डॉक्टरीची पदवी मिळविणाऱ्या आपल्याच महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी यांचे होय.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, पित्याचे नाव गणपतराव, व मुलीचे नाव यमुना. एके काळी घराणे जमीनजुमल्याचे होते. पुढे वैभव ओसरले. ह्या घरात लहान यमुनेला आईच्या हातचा मार फार बसे. दोरी किंवा छडी तर राहोच, धोंडा, काठी व जळता निखारा यांनीही आई शासन करी, असे बाईंनी मोठेपणी लिहून ठेविले आहे. जे लेकरू असा मार खात वाढते, त्याला मार हा घराच्या रीतीचाच भाग वाटू लागतो. आणि पुढे दुसऱ्या कोणी हात उगारला तर ते ओरडत नाही, मान खाली घालते. घरातील माराचे पहिले बी बहुधा असे बाळपणीच पेरले जाते.

१८७४ साली, नवव्या वर्षी, यमुनेचे लग्न झाले व ती आनंदी झाली. पती गोपाळराव विनायक जोशी हे पोस्टखात्यात कारकून, बिजवर, व तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. हे गृहस्थ व्यसनी नव्हते की अडाणी नव्हते. स्त्रीशिक्षणाचा त्यांना ध्यास होता, विधवाविवाहाचे ते कैवारी होते, आणि बायकोला शिकविण्याची आपणांस मोकळीक असावी या अटीवरच त्यांनी लग्न केले, असे सांगतात. ज्या काळी बायकोच्या हाती पुस्तक दिसले तर घरोघरी गहजब होई, त्या काळी हा पुरुष स्वतः तिला धडे देई. या गोष्टीचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण त्याच हाताने ते तिला मारीत. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि टाकून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी नवनव्या शिक्षा, असा हिशेब खुद्द आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पतीलाच लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. स्वयंपाक नीट केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे गावोगाव आढळतात. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात बसली म्हणून मारणारा नवरा विरळा. तथापि मारणाऱ्याचा उद्देश थोर होता म्हणून दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीला लाकूड कमी लागले काय?

येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. या घरात दारू नव्हती, उपासमार नव्हती, अज्ञानही नव्हते. मग मार कोठून आला? आम्हांस त्याची तीन मुळे दिसतात. पहिले मूळ समाजाचे. नवऱ्याला बायकोवर पूर्ण सत्ता आहे व तिला तोंड उघडण्याचा हक्क नाही, हे त्या वेळच्या लोकांनी गृहीतच धरिले होते. दुसरे पैशाचे. मुलीच्या हाती दमडी नव्हती, आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे गाव बदलत गेल्याने माहेरचे दारही लांब पडले होते. जिला जाण्यास दुसरे घर नाही, तिला मारणाऱ्यास भय कसले? तिसरे मूळ मनाचे. जगात आपले चालत नाही, लोक आपणांस हसतात, असा ज्याचा ग्रह होतो, तो घरातील दुबळ्या जिवाला आपल्या इच्छेप्रमाणे घडवू पाहतो. आणि तो जीव तितक्या वेगाने घडला नाही तर ते त्याला आपल्याविरुद्ध बंडच वाटते. गोपाळरावांची सुधारणा त्यांना प्रिय होती. परंतु तिच्यासाठी त्यांनी हाती घेतलेली मुलगी ही स्वतंत्र जीव आहे, हे ते वारंवार विसरत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व तो दहा दिवसांतच वारला. योग्य औषधपाणी मिळाले असते तर तो वाचता, हे दुःख त्यांच्या मनात खोल रुतले, आणि आपण डॉक्टर व्हावे हा निश्चय त्यातूनच पुढे आला. गोपाळरावांनी कोल्हापुराहून मिशनरी लोकांकडे मदतीसाठी पत्र लिहिले. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रेव्हरंड वाइल्डर यांनी ते अमेरिकेत आपल्या नियतकालिकात छापिले; पण मदतीच्या जागी ख्रिस्ती होण्याचा उपदेशच त्यासोबत होता. ते छापील पत्र १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील कार्पेंटर नावाच्या बाईंच्या दृष्टीस सहज पडले. त्यांनी कसलीही अट न घालता या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला व पुढे तिला आपल्या घरी लेकीप्रमाणे ठेविले. सुवार्ता कोणत्या पत्रातून अधिक स्पष्ट ऐकू आली, हे आम्ही उपदेशकांनी आपल्या मनाशी ठरवावे.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण परदेशी का जातो हे लोकांस सांगितले. ७ एप्रिल रोजी अठरा वर्षांची ही मुलगी पतीवाचून कलकत्त्याहून जहाजावर चढली व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांनी अभ्यास केला. थंडी, परके अन्न व दुखणी यांनी शरीर खंगत गेले, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या.

वर सांगितलेले पत्र याच अमेरिकेतील काळातले. त्यात आनंदीबाई पतीशी न भांडता, न घाबरता, न्यायाधीशाच्या तोलाने बोलतात. तुमचे वागणे हेतूने पाहता बरे, परंतु कोवळ्या मनावरील परिणाम पाहता वाईट होते, असा त्यांचा निवाडा आहे. आपण तेव्हा घर का सोडले नाही याचे कारणही त्या देतात: बापाच्या नावास बट्टा लागेल हे भय, आणि नवऱ्याबायकोंमधील कायदा असलाच तर तो पुरुषाच्या बाजूचा, ही खात्री. समुद्रापलीकडे गेल्यावर, हाती विद्या आल्यावरच हे सारे बोलण्याचे बळ त्यांना आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार खाणारी स्त्री गप्प असते याचा अर्थ तिला दुखत नाही असा नव्हे. बोलल्यावर उभे राहण्यास तिला जागा नसते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या, पण क्षयाने पुरते ग्रासलेल्या. एकाही दिवसाचे काम त्यांच्या हातून होण्यापूर्वी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर अवकाश होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आल्या, व त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांची स्मृतिशिला उभी आहे. त्या शेवटपर्यंत हिंदू राहिल्या. म्हणून त्यांच्यापासून शिकण्यास आम्हांस संकोच वाटण्याचे कारण नाही.

आज काळ पालटला आहे, परंतु ती तीन मुळे उपटली गेलेली नाहीत. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील दर १०० विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ जणींनी पतीच्या हातचा छळ सोसल्याचे सांगितले. एवढ्या घरांत एकही घर आमच्या मंडळीतले नसेल असे कोणी समजू नये. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील पत्नीचा भाग लग्नविधीत मोठ्याने वाचायचा आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती पतीने करावी, हा भाग हळूच उरकायचा, ही रीत आता बंद व्हावी.

उपदेशक बंधूंनो, एखादी भगिनी रडत दाराशी आली तर सहन करण्याचा उपदेश देऊन तिला त्याच घरी परत धाडू नका. नवरा मंडळीचा पंच असो, शाळामास्तर असो, की स्वतः उपदेशक असो, तिचे म्हणणे एकांतात, आपल्या पत्नीच्या अथवा एखाद्या वडील बाईच्या समक्ष ऐकून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने मारहाण तर गुन्ह्यासारखी धरलीच आहे, पण शिवीगाळ व पैशाची अडवणूक यांसही छळ म्हटले आहे, आणि स्त्रीला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत जाणे हे पाळकाचेच काम होय. मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत करू नका, त्यांच्या हाती एखादा धंदा द्या, आणि माहेरचे दार उघडे आहे हे त्यांना लग्नाच्या दिवशीच सांगा.

आणि ज्या बंधूंना वाटते की आपण मारतो ते तिच्या कल्याणासाठी, त्यांनी आनंदीबाईंचे ते पत्र आठवावे. बायकोला डॉक्टर करण्याइतका थोर हेतू आम्हांपैकी फार थोड्यांचा असेल; आणि तो हेतूही त्या माराचे समर्थन करू शकला नाही. जो हात प्रार्थनेसाठी जोडायचा, तो घरात कोणावर उगारायचा नाही, एवढे तरी या चरित्रापासून प्रत्येक पतीने शिकावे अशी आमची विनंती आहे.