सांधे टिकवणारा फेरांटी

धाराशिव जिल्ह्यात बँकेत होतो, तेव्हा शिशाच्या आवरणाची जुनी केबल जोडताना मी एका कारागिराला पाहिलं होतं. आतल्या कागदाचा तुकडा तो तापल्या तेलात टाकी. तडतडला तर ओल शिरलेली. मग केबल आणखी मागे कापायची. तारा जोडून, कागद गुंडाळून, शेवटी वितळलेला डाग कापडाने पुसत सांधा बंद करायचा.

त्याच कागदावर १०,००० व्होल्टचा भार टाकण्याचं धाडस सेबास्टियन द फेरांटी यांनी केलं. जन्म १८६४, लिव्हरपूल. वडील छायाचित्रकार, आई पियानोवादक. लंडनसाठी डेप्टफर्डचं वीजकेंद्र उभारायला घेतलं, तेव्हा वय अवघं तेवीस. बाजारातल्या केबली तो दाब सोसेनात, म्हणून त्यांनी स्वतःच घडवल्या: तांब्याच्या नळीत नळी, मध्ये मेणात भिजवलेला कागद. एकेक तुकडा वीस फुटांचा, त्यामुळे सांधे हजारो! निमुळती टोकं एकमेकांत घट्ट दाबून ते जोडले.

लोकांना भीती होती. मग चालू केबलीत छिन्नी ठोकून दाखवली. ती हाती धरली होती त्यांच्याच सहायकाने. बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली, म्हणून फ्यूज उडाला, माणूस सुखरूप राहिला.

पण १८९० मध्ये उपकेंद्राला आग लागली, पुरवठा थांबला, ग्राहक गेले. १८९१ मध्ये फेरांटींनाही कंपनी सोडावी लागली. पुढे स्वतःचा कारखाना वाढवला, १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालं, १९३० मध्ये झुरिचला निधन झालं.

त्यांच्या केबली मात्र चार दशकं वीज वाहत राहिल्या. मालकांचा विश्वास तुटला. सांधे तुटले नाहीत.