हंफ्री डेव्ही: बढती आणि बदली माणूस

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या विंगमधला एक जुना सिनियर होस्टेलवर येऊन गेला. पास आउट होऊन चार वर्षं झालेली, नोकरी बरी. मेसमध्ये जेवताना त्यानं सांगितलं की बढती मिळतेय. आम्ही लगेच पार्टी मागितली. पण गडी काही खुशीत दिसेना. साहेबांनी अट घातली होती: आधी तुझ्या जागेवर बदली माणूस तयार कर, मग वर जा. हाताखाली दिलेला पोरगा हुशार होता, आणि तेच तर दुखणं होतं. सगळं शिकवलं तर उद्या हाच डोक्यावर बसणार, नाही शिकवलं तर आपण आहोत तिथंच कुजणार. रात्री दोनपर्यंत चर्चा झाली, चहा दोनदा झाला, निष्पन्न काही नाही. मला मात्र तेव्हापासून सारखा हंफ्री डेव्ही आठवत होता.

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये रॉकेलात बुडवून ठेवलेला सोडियमचा तुकडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो धातू पहिल्यांदा वेगळा करणारा माणूस म्हणजे डेव्ही. पण बहुतेकांना तो ठाऊक असतो तो फॅरडेचा साहेब म्हणून. डेव्हीचा सर्वात मोठा शोध म्हणजे फॅरडे, हे वाक्य तर क्विझमध्येसुद्धा येतं. मला ते वाक्य आवडत नाही. एक तर त्यात डेव्हीचं सगळं काम वाया जातं. आणि दुसरं म्हणजे, या शोधाचं त्या शोधकाला शेवटी शेवटी काय वाटत होतं, ते त्यात येतच नाही.

डेव्ही १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, पेन्झन्स गावी जन्मला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. १७९४ मध्ये ते वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. आईनं बायकांच्या टोप्यांचं दुकान चालवून घर सावरलं. पोराला एका डॉक्टर कम औषधवाल्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथं औषधं कुटता कुटता त्यानं रसायनशास्त्र वाचलं, लाव्हाझिएचं पुस्तक वाचलं आणि त्याच्या चुका काढायला लागला. वय एकोणीस! कॉलेजचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही. १७९८ मध्ये ब्रिस्टलला डॉक्टर बेडोजच्या संस्थेत वायूंवर प्रयोग करायची नोकरी लागली. तिथं त्यानं नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, आधी स्वतः हुंगला आणि मग मित्रांना हुंगवला. या वायूनं वेदना जाते, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, हे त्यानं १८०० मध्येच छापून ठेवलं होतं. पुढची चाळीसेक वर्षं कुणीही त्याकडे लक्ष दिलं नाही.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. ही संस्था नुकतीच, १७९९ साली निघालेली. तिथले प्राध्यापक होते थॉमस गार्नेट, आणि डेव्ही त्यांच्या हाताखाली. काही महिन्यांतच गार्नेटचं चालकांशी बिनसलं, ते राजीनामा देऊन गेले आणि डेव्ही त्यांच्या जागेवर बसला. पुढच्या वर्षी तो प्राध्यापकही झाला. म्हणजे हा मनुष्य स्वतःच बदली माणूस म्हणून वर चढलेला, हे लक्षात ठेवा.

त्याच्या व्याख्यानांना लंडनचे श्रीमंत लोक नाटकाला यावं तसे यायचे. संस्थेसमोरच्या रस्त्यावर घोडागाड्यांची इतकी कोंडी व्हायची की तो रस्ता एकतर्फी करावा लागला, असं सांगतात. पण खरी कमाल तळघरातल्या प्रयोगशाळेत चालली होती. व्होल्टाची बॅटरी निघून सातच वर्षं झाली होती. पोटॅशच्या पाण्यातल्या द्रावणातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजनच निघायचे, म्हणजे फुटायचं ते पाणी. डेव्हीनं ऑक्टोबर १८०७ मध्ये पाणीच काढून टाकलं. वीज वाहण्यापुरतं जरासं दमट पोटॅश घेतलं आणि मोठ्या बॅटरीला जोडलं. ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब दिसले, काही तर हवेत येताच पेटले. हे पोटॅशियम. त्या वेळी त्याचा चुलतभाऊ मदतीला होता, त्यानं लिहून ठेवलंय की डेव्ही आनंदानं खोलीभर नाचत होता. काही दिवसांत सोडियम निघालं, पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. पिरियॉडिक टेबलच्या डाव्या बाजूचं आपलं पाठांतर एवढ्या एका माणसानं वाढवून ठेवलंय.

एप्रिल १८१२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच आठवड्यात जेन अप्रीस या श्रीमंत विधवेशी लग्न झालं. आता रोजच्या व्याख्यानांची गरज उरली नव्हती. प्राध्यापकाची खुर्ची पुढे विल्यम ब्रँड यांच्याकडे गेली. कागदावर बघाल तर डेव्हीच्या जागी आलेला माणूस हा ब्रँड. पण जागा भरणं आणि माणूस तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निरोपाच्या त्या व्याख्यानांपैकी चार व्याख्यानांना गॅलरीत एक बुकबाइंडर पोरगा बसला होता. लोहाराचा मुलगा, वय वीस, नाव मायकेल फॅरडे. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला पास दिले होते. त्यानं सगळी व्याख्यानं आकृत्यांसकट उतरवली, शिवून बांधली आणि डिसेंबरात डेव्हीला पाठवून दिली, सोबत नोकरीसाठी विनंती. (आपल्या सबमिशनच्या फाइली आठवून मला लाज वाटली.) डेव्हीनं त्याला बोलावून घेतलं, नीट वागवलं आणि सल्ला दिला की बुकबाइंडिंग सोडू नकोस, जागा नाही. मग फेब्रुवारी १८१३ मध्ये प्रयोगशाळेतल्या मदतनीसानं उपकरणं बनवणाऱ्या माणसाशी मारामारी केली आणि त्याला काढून टाकलं. एका रात्री फॅरडेच्या दारात गाडी उभी राहिली, डेव्हीची चिठ्ठी घेऊन. पगार आठवड्याला २५ शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या फुकट. एका ओळखीच्या गृहस्थांनी म्हणे आधी सुचवलं होतं की पोराला बाटल्या धुवायला लावा, म्हणजे कळेल कितपत कामाचा आहे. डेव्हीला ते पटलं नाही, यापेक्षा चांगलं काम देऊन बघू, असं त्यानं ठरवलं. हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं.

चांगलं काम म्हणजे कसलं, तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड! या स्फोटक पदार्थानं आदल्याच वर्षी डेव्हीच्या डोळ्याला इजा केली होती. आता दोघं काचेचे मुखवटे लावून पुन्हा त्याच्याच मागे लागले. पहिल्या काही आठवड्यांतच फॅरडेनं चार स्फोट बघितले, एकात त्याच्या बोटालाही लागलं. ट्रेनिंग म्हणून डेव्हीनं वेगळं काहीच दिलं नाही. मॅन्युअल नाही, वर्ग नाही. आपण काम करायचं आणि पोरानं शेजारी उभं राहायचं.

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही बायकोला घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाला. इंग्लंड-फ्रान्स युद्ध ऐन भरात, पण नेपोलियननं त्याला खास परवाना दिला होता. फॅरडे मदतनीस म्हणून सोबत. निघायच्या वेळी डेव्हीच्या खाजगी नोकरानं यायला नकार दिला, आणि पॅरिसला दुसरा मिळेपर्यंत ते कामही फॅरडेच्या गळ्यात पडलं. दुसरा नोकर दौरा संपेपर्यंत मिळाला नाही. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवायची, नोकरांबरोबर जेवायला बसवायची. मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो इतका वैतागलाय की घरी पळून जावंसं वाटत होतं. पण पळाला नाही. कारण याच दीड वर्षात पॅरिसला समुद्री शेवाळातून निघालेला नवा पदार्थ डेव्हीनं पेटीतल्या छोट्याशा सामानावर तपासला आणि ते आयोडीन हे मूलद्रव्य असल्याचं सांगितलं, तेव्हा हा शेजारी होता. फ्लॉरेन्सला भल्यामोठ्या भिंगातून ऊन पाडून त्यांनी हिरा जाळला, निघाला फक्त कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हिरा हा कोळशाचाच भाऊ. मिलानला म्हातारा व्होल्टा भेटला. बूट पुसता पुसता जगातलं सगळ्यात भारी विद्यापीठ पदरात पडत होतं. बूट पुसणं त्यामुळे योग्य ठरतं का? मला नाही वाटत. आमच्या विंगमध्ये यावर दोन तट पडलेत.

परत आल्यावर १८१५ मध्ये खाणीतला सुरक्षा दिवा झाला. खाणीत साठणाऱ्या वायूनं दिव्याच्या ज्योतीवर पेट घ्यायचा आणि माणसं मरायची, १८१२ मध्ये फेलिंगच्या एका खाणीत ९२ जण गेले होते. डेव्हीनं ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळी उष्णता ओढून पसरवते, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. पेटंट त्यानं घेतलं नाही आणि छापील लेखात फॅरडेच्या मदतीचा उल्लेखही केला. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन या खाणीतल्या इंजिनवाल्यानंही स्वतःचा दिवा बनवला होता. न शिकलेला माणूस हे करू शकतो, हे मात्र डेव्हीला मरेपर्यंत पटलं नाही. तो स्वतः कुठल्या कॉलेजात शिकला होता, हा प्रश्न त्याला कुणी विचारला की नाही कोण जाणे.

१८१६ मध्ये फॅरडेचा पहिला लेख छापून आला, तोही डेव्हीनं तपासायला दिलेल्या चुन्याच्या नमुन्यावर. इथपर्यंत सगळं छान. १८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. इंग्लंडच्या विज्ञानात याहून वरची खुर्ची नव्हती. आणि आमच्या सिनियरचं दुखणं इथून सुरू होतं.

सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरडेनं पाऱ्याच्या भांड्यात लोहचुंबकाभोवती वीज वाहणारी तार फिरवून दाखवली. आपल्या मशीन्स लॅबमधल्या प्रत्येक मोटरचा हा पणजोबा. पण याच विषयावर डेव्ही आणि त्याचा मित्र वोलॅस्टन काही महिने आधी धडपडले होते. फॅरडेनं घाईघाईत छापलं, वोलॅस्टनचं नाव घातलं नाही, आणि कुजबुज सुरू झाली की मदतनीसानं कल्पना ढापली. वोलॅस्टनची कल्पना वेगळी होती (तार स्वतःच्या अक्षाभोवती फिरेल अशी) आणि त्यानं फारसं मनावरही घेतलं नाही. पण डेव्हीनं आपल्या माणसाची बाजू घेऊन तोंड उघडलं नाही. मग १८२३ मध्ये डेव्हीच्या सूचनेवरून फॅरडेनं क्लोरीनचं हायड्रेट बंद नळीत तापवलं आणि क्लोरीन वायूचा द्रव झाला. फॅरडेच्या लेखाला डेव्हीनं स्वतःची पुरवणी जोडली: कल्पना माझी होती, असा तिचा सूर. थोडी त्याची होतीच. पण हेच त्यानं दहा वर्षांपूर्वी लिहिलं असतं का?

त्याच मे महिन्यात फॅरडेला रॉयल सोसायटीचा सभासद करावं म्हणून अर्ज लागला, २९ सह्यांचा. सही करणाऱ्यांत वोलॅस्टनही होता. अध्यक्षांनी फॅरडेला सांगितलं की अर्ज मागे घे. फॅरडेनं उत्तर दिलं की अर्ज मी लावला नाही, सुचवणाऱ्यांनी लावलाय. मग त्यांना काढायला सांग, असं डेव्ही म्हणाला. ते ऐकणार नाहीत, हे उत्तर. शेवटी डेव्हीनं अध्यक्ष म्हणून मीच काढतो असं सुनावलं, तर सोसायटीच्या भल्याचं असेल तेच तुम्ही कराल अशी खात्री आहे, एवढंच बोलून फॅरडे गप्प बसला. ८ जानेवारी १८२४ रोजी निवड झाली. मतदान गुप्त, पेटीत गोळ्या टाकायच्या, विरोधाची गोळी काळी. पेटीत एकच काळी गोळी निघाली.

खलनायक सापडला म्हणून पुस्तक मिटू नका. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८२५ मध्ये, फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचा संचालक झाला, आणि ती शिफारस होती डेव्हीची. ज्या खोलीत आपण पोटॅशियम बघून नाचलो, ती खोली त्यानं स्वतःच्या शब्दानं त्याच्या हवाली केली. हे मन बदललं म्हणून, की सभासदत्व ही आपल्या बरोबरीची जागा आणि प्रयोगशाळा ही त्याची हक्काची, असं त्याला वाटलं म्हणून? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. खालची खुर्ची सोडायला त्याची ना नव्हती. आपल्या शेजारी दुसरी मांडलेली त्याला बघवत नव्हती.

तोवर त्याचे स्वतःचे दिवस फिरले होते. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्रात गंजू नये म्हणून त्यानं त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. आज आपण कॅथोडिक प्रोटेक्शन शिकतो ते हेच. तांबं वाचलं, पण न गंजणाऱ्या तांब्यावर शंखशिंपले चिकटून जहाजं मंदावली आणि नौदलानं योजना गुंडाळली. १८२६ पासून पक्षाघातानं तब्येत ढासळली, १८२७ मध्ये अध्यक्षपद सोडलं, आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. वय पन्नास. फॅरडे तेव्हा रॉयल सोसायटीनं सोपवलेलं भिंगाच्या काचेचं किचकट काम उपसत होता. ते संपवून त्यानं २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली, आणि पुढचं आपल्या सिलॅबसमध्ये आहे.

फॅरडेनं कुणाला तयार केलं? १८५३ मध्ये आलेला आणि नंतर त्याच्या जागेवर बसलेला टिंडल जर्मनीहून डॉक्टरेट घेऊनच आला होता. हाताखाली जवळजवळ चाळीस वर्षं एकच माणूस राहिला: काचेच्या भट्टीसाठी ठेवलेला, तोफखान्यातून निवृत्त झालेला सार्जंट अँडरसन. सांगितलेलं तंतोतंत करायचा, त्यापलीकडे काही नाही. एकदा संध्याकाळी फॅरडे त्याला घरी जा म्हणायला विसरला. सकाळी येऊन बघतो तर अँडरसन रात्रभर भट्टीत कोळसा टाकत बसलेला.