मरुभूमीतील वाऱ्याचा हिशेब आणि ॲना मणी

जैसलमेरच्या परिसरातील पवनऊर्जा उद्यानाच्या उभारणीस २००१ साली सुरुवात झाली. त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी तिरुवनंतपुरम येथे ॲना मणी निवर्तल्या. हा योगायोगच होय. तथापि, भारतात वारा कोठे, किती आणि कोणत्या ऋतूत वाहतो याची मोजदाद ज्यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली, त्यांत या बाईंचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

त्यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे २३ ऑगस्ट १९१८ रोजी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन १९४० साली त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि हिरे व माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी संशोधन केले. १९४५ साली मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध गेला, परंतु एम. एस्सी. पदवी नाही, या कारणास्तव त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. नियमावर बोट ठेवून कर्तृत्वाकडे पाठ फिरवण्याची ही रीत आपल्या शिक्षणक्षेत्रास अपरिचित नाही.

त्या इंग्लंडला गेल्या त्या भौतिकशास्त्राच्या ओढीने. पण उपलब्ध शिष्यवृत्ती होती हवामानशास्त्रीय उपकरणांच्या अभ्यासाची. तीच त्यांनी पत्करली. १९४८ साली परतून त्या पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात तेथे, रुजू झाल्या. त्या काळी हवामानखात्याची बहुतेक उपकरणे परदेशातून येत. मणीबाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचे उत्पादन देशातच सुरू करण्याच्या कामी पुढाकार घेतला. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, असा त्यांचा दंडक होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौर प्रारणाच्या मोजणीसाठी केंद्रांचे जाळे त्यांनी याच कसोशीने उभारले.

उपमहासंचालकपदावरून १९७६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी सूर्य आणि वारा यांची आकडेवारी ग्रंथरूपाने सिद्ध केली. डी. ए. मुळे यांच्यासह केलेला भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ साली निघाला. पण वेधशाळांतील नोंदी मुळात हवामानासाठी घेतलेल्या. अनेक ठिकाणी उपकरणांभोवती कालांतराने झाडे आणि इमारती उभ्या राहिल्या होत्या. म्हणून पुढील सर्वेक्षणात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या बंगलोर येथील पथकाकडून, निवडक जागी उंच मनोरे उभारून वारा नव्याने मोजण्याचे काम बाईंनी हाती घेतले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे साध्या अंकगणितानेही कळते. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या जागी ६ मीटर धरला, तर शक्ती ७३ टक्क्यांनी फुगते. सरासरी तर अधिकच फसवी. निम्मा काळ २ मीटर आणि निम्मा काळ ८ मीटर वेग असेल, तर सरासरी ५ येते व तिचा घन १२५ होतो. परंतु दोन्ही घनांची सरासरी २६० भरते. दर तासाची नोंद नसेल, तर कारखान्याचे भांडवल अंदाजपंचे गुंतवावे लागते. कर्ज फेडायची वेळ आली की असल्या अंदाजाची किंमत समजते.

मरुभूमीत हा हिशेब आणखी अवघड होतो. तेथे रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिला लागून असलेली हवा स्तब्ध होते. पन्नास-शंभर मीटर उंचीवर मात्र वारा जोमाने वाहत असू शकतो. १० मीटरवरील उपकरणाला त्याचा पत्ताही लागत नाही. उलटपक्षी, ४५ अंश तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते आणि त्याच प्रमाणात शक्ती घटते. धुळीने पात्यांची झीज होते ती वेगळीच. थरमधील वारा मे ते ऑगस्ट या महिन्यांत जोरकस असतो, हिवाळ्यात मंदावतो. तेव्हा वार्षिक आकडा कितीही आकर्षक असला, तरी डिसेंबरात वीज कोठून आणायची, हा प्रश्न नियोजनकर्त्यापुढे उरतोच.

राजस्थानातही पुढे अशी मोजणी झाली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस जैसलमेर जिल्ह्यात पवनचक्क्या फिरू लागल्या. मणीबाई तोवर कार्यक्षेत्रातून बाजूस झालेल्या होत्या. १९९४ साली पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची हालचाल थांबली. १९४५ च्या त्या प्रबंधाची पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.