परळच्या गुरांच्या कॉलेजचे पहिले प्राचार्य : जॉन हेन्री स्टील आणि सर्रा रोगाची गोष्ट

चाकण : यात्रांचा हंगाम आला की खेड, मावळ, जुन्नरच्या घाटांत बाऱ्या सुरू होतात. निमगाव दावडी असो की चिखली-मोशीकडचा घाट, बैलांच्या पुढे घोडी पळते आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात. अशी एखादी घोडी अचानक खंगायला लागते. चारा-भरडा नीट खाते, पण अंगी लागत नाही. चार दिवस ताप, मग दोन दिवस बरं, पुन्हा ताप. पायावर, पोटाखाली सूज. घरातली माणसं दृष्ट लागली म्हणतात, लिंबू उतरवतात. जाणते गुरांचे डॉक्टर मात्र आधी रक्ताचा एक थेंब काचेवर घेतात. कारण त्यांच्या मनात सर्रा रोगाचा संशय असतो.

हा थेंब काचेवर घेऊन बघण्याची रीत आपल्या देशात रुजली त्याला आता एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. ती रुजवणाऱ्यांत एक नाव आहे जॉन हेन्री स्टील. मुंबईत परळला जे गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, त्याचे हे पहिले प्राचार्य. गावाकडं हे नाव कुणाला फारसं माहीत नाही. पशुवैद्यकांच्या जगात मात्र त्यांच्या नावानं पदक सुरू झालं.

बाप-लेक दोघेही जनावरांचे डॉक्टर

स्टील यांचा जन्म १८५५ चा, इंग्लंडमधला. वडील ब्रिटिश फौजेत घोड्यांचे डॉक्टर. तेव्हा फौजेचं सगळं घोड्यावर चालायचं, त्यामुळं घोड्याच्या डॉक्टरला मान होता. मुलानंही तीच वाट धरली. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातून १८७५ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. काही काळ फौजेत काढला, मग त्याच कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. १८८१ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशी-सव्विशीत, गायी-बैलांच्या रोगांवर त्यांचं मोठं पुस्तक आलं.

पुढं ते पुन्हा फौजेत गेले आणि भारतात आले. इथं आल्यावर त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. देशभर फौजेचे डॉक्टर विखुरलेले. कुणी पेशावरला, कुणी मद्रासला. प्रत्येकापुढं वेगळे रोग, वेगळी जनावरं. एकाला काही उमगलं तर दुसऱ्याला कळायचा मार्ग नाही. लंडनला लिहून पाठवायचं आणि छापून यायची वाट बघायची, एवढंच हातात.

छापील अंकाचं काम

म्हणून १८८३ च्या सुमारास स्टील यांनी फ्रेडरिक स्मिथ या आपल्यासारख्याच फौजी डॉक्टरला सोबत घेतलं आणि भारतातल्या पशुवैद्यकावर एक त्रैमासिक सुरू केलं. आपल्या देशातलं या विषयावरचं हे अगदी सुरुवातीचं नियतकालिक. फौजेतल्या जनावरांची निगा हाही त्याचा विषय होता.

असा अंक चालवायचा म्हणजे नुसतं आलेलं छापायचं नसतं. अमुक औषधानं माझं खेचर बरं झालं, असं कुणी लिहून पाठवलं, तर संपादकाला बघावं लागतं की किती खेचरांना दिलं, किती वाचली, औषध न दिलेली किती वाचली, रोग तोच होता हे कशावरून ठरवलं. एक खेचर वाचलं तर ते आपोआपही वाचलेलं असू शकतं.

आज हेच काम जास्त बांधीव झालंय. शोधनिबंध पाठवला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडं वाचायला देतात. ते जाणकार कोण, हे लिहिणाऱ्याला सहसा कळत नाही. ते चुका काढतात, प्रश्न विचारतात, पुन्हा तपासायला सांगतात. लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. जनावरांवर प्रयोग केला असेल तर त्याची रीतसर परवानगी दाखवावी लागते. यात महिने जातात, कधी निबंध साफ परत येतो. दवाखान्यात डॉक्टर अमुक वजनाला इतका डोस म्हणून सांगतात, तो आकडा अशा चाळणीतून आलेला असतो.

ज्याचं कुणी ऐकलं नाही, तो इव्हान्स

सर्रा रोगाची गोष्ट इथंच जोडली जाते. १८८० मध्ये पंजाबच्या सरहद्दीवर डेरा इस्माईल खान भागात फौजेचे घोडे आणि उंट पटापट मरत होते. तपासायला ग्रिफिथ इव्हान्स नावाचे वेल्समधले डॉक्टर गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आजारी घोड्याचं रक्त पाहिलं, तर त्यात सापासारखे वळवळणारे बारीक जीव. ते रक्त निरोगी जनावराला टोचलं, तर त्यालाही तोच रोग झाला. इव्हान्स यांनी सांगितलं की हाच जीव रोगाचं मूळ आहे.

वरच्या लोकांना ते पटलं नाही. त्याला कारणही होतं. दोनच वर्षं आधी कलकत्त्यात टिमथी लुईस यांना उंदरांच्या रक्तात तशाच तऱ्हेचे जीव दिसले होते, आणि ते उंदीर ठणठणीत होते. मग हे जीव निरुपद्रवी, रोग दुसऱ्याच कशानं होतो, अशी समजूत घट्ट बसली. इव्हान्स यांनी सरकारला अहवाल दिला, लंडनच्या पशुवैद्यकीय मासिकात तो क्रमशः छापूनही आला. तरी मान्यता मिळेना.

ब्रह्मदेशातली खेचरं

१८८५ मध्ये ब्रह्मदेशात सामान वाहणारी फौजेची खेचरं एका न कळणाऱ्या रोगानं मरू लागली. तपास स्टील यांच्याकडं आला. त्यांनी खेचरांचा ताप रोज मोजला, रक्त काचेवर घेऊन पाहिलं, दुसऱ्या जनावरांना टोचून पाहिलं. ताप चढला की रक्तात जीव दिसायचे, ताप उतरला की नाहीसे व्हायचे, पुन्हा ताप, पुन्हा जीव. जीव तेच, इव्हान्स यांनी पाहिलेले.

इथं स्टील यांच्यासमोर दोन वाटा होत्या. रोग ब्रह्मदेशातला, अहवाल त्यांचा, स्वतःचं नाव लावायला कुणी अडवणार नव्हतं. शिवाय इव्हान्स यांची बाजू घेणं म्हणजे वरिष्ठांच्या मताविरुद्ध जाणं. स्टील यांनी त्या जीवाला इव्हान्स यांचंच नाव दिलं आणि शोध कुणाचा ते नोंदवून टाकलं.

पण त्याच अहवालात एक चूक झाली. स्टील यांनी तो जीव स्पायरोकीट गटातला ठरवला. हे का झालं असावं, तेही बघायला हवं. १८७७ मध्ये मुंबईत दुष्काळग्रस्तांत येऊन-जाऊन ताप येण्याची साथ होती. त्या माणसांच्या रक्तात व्हँडाइक कार्टर या डॉक्टरांना मळसूत्रासारखे जंतू सापडले होते. खेचरांचा तापही तसाच येऊन-जाऊन येणारा. रोग सारखा, म्हणून जंतूही त्याच जातीचा, असा अंदाज स्टील यांनी बांधला.

तो अंदाज फार दिवस टिकला नाही. १८८६ मध्ये लंडनला एडगर क्रुकशँक यांनी नमुने बारकाईनं पाहिले आणि हा जीव स्पायरोकीट नाही, त्याला शेपटीसारखा धागा आणि पातळ पडदा आहे, हे दाखवलं. दोन-तीन वर्षांत तो ट्रिपॅनोसोमा गटात गेला. आज त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आहे. म्हणजे स्टील यांनी दिलेलं पहिलं नाव पुसलं गेलं, दुसरं, इव्हान्स यांचं, कायम राहिलं.

चूक पकडता आली, कारण स्टील यांनी काय पाहिलं ते सगळं लिहून ठेवलं होतं. मनातच ठेवलं असतं तर तपासणार कोण?

परळचं कॉलेज

त्याच काळात मुंबईत परळला गुरांचा दवाखाना उभा राहिला होता. दिनशा माणेकजी पेटिट यांनी देणगी दिली, त्यांच्या पत्नी साकरबाई यांचं नाव दवाखान्याला लागलं. या दवाखान्याच्या आधारानं २ ऑगस्ट १८८६ रोजी कॉलेज सुरू झालं आणि स्टील प्राचार्य झाले. तोवर गुरांचा शिकलेला डॉक्टर म्हणजे बहुतेक करून फौजेतला गोरा साहेब. इथून पुढं आपल्या मुलखातली पोरं डॉक्टर होऊन जिल्ह्या-जिल्ह्यांत जाऊ लागली. आज तालुक्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या कितीतरी डॉक्टरांची पदवी याच कॉलेजची आहे.

शिकवता शिकवता लिहिणं चालूच होतं. हत्तीच्या रोगांवरचं पुस्तक १८८५ चं, कुत्र्यांवरचं १८८८ चं, उंटावरचं १८९० चं. पण आयुष्य थोडं निघालं. ८ जानेवारी १८९१ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. वय पस्तीसच्या आसपास. कॉलेज सुरू होऊन पाच वर्षंही झाली नव्हती.

पुण्यातून मुक्तेश्वरला

सर्रा रोगाचा पुढचा तपास आपल्या पुण्यात झाला, हे थोड्यांना माहीत असेल. १८८९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आताच्या शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. त्यांनी घोड्यांच्या सर्रा रोगावर मोठं काम केलं. भरवस्तीत रोगाचे जंतू ठेवणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ तेच. पुढं १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखवलं की रक्त पिणारी मोठी माशी हा रोग एका जनावरावरून दुसऱ्यावर नेते.

आपल्या दावणीला याचा उपयोग

सर्रा आजही आहे. घोडा, उंट, कुत्रा यांना तो जिवावर येतो. बैल-म्हशीत तो बऱ्याचदा दबून राहतो. लांबचा प्रवास, जादा काम किंवा अंगावर ताण आला की उसळतो. म्हणून बाजारातून आणलेलं जनावर काही दिवस वेगळं बांधावं, गोठ्यात माशा होऊ देऊ नयेत. ताप चढलेला असतानाच डॉक्टरांना बोलवावं, म्हणजे रक्तात जंतू सापडायची शक्यता जास्त. टोचा देण्याआधी रक्त घ्यायला सांगावं. नमुना तपासायची सोय लांब नाही, पुण्यात औंधला पशुरोग अन्वेषण विभाग आहे.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा मोबाइलवर रोज नवा उपाय फिरत होता. कुणी किती जनावरांवर करून पाहिला, न केलेली किती बरी झाली, हे त्यात कुठंच नव्हतं. स्टील आपल्या अंकासाठी हेच प्रश्न विचारत बसले होते. आता पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापून देणारी नियतकालिकंही निघालीत. म्हणून छापून आलं म्हणजे खरं, असं नाही. कुणी तपासलं, ते विचारावं.

स्टील गेल्यावर इंग्लंडच्या पशुवैद्यकांच्या संस्थेनं त्यांच्या नावानं पदक सुरू केलं. ते मिळालेल्यांत ग्रिफिथ इव्हान्स यांचंही नाव आहे. ज्यांचं कुणी मानायला तयार नव्हतं, त्यांना हा मान मिळाला तोवर स्टील यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. इव्हान्स शंभर वर्षं जगले आणि १९३५ मध्ये गेले.