स्थलांतरितांची मावशी : मदर काब्रिनी

माय मरो पण मावशी जगो, अशी आपल्या मराठीत म्हण आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांच्या आठवणीत अशी एखादी मावशी किंवा आत्या असते. ती सर्वांआधी परदेशी गेली, तेथे राबली, पाठच्या भावंडांना पैसे पाठवीत राहिली आणि मागाहून भाचरांना बोलावून घेऊन तिने त्यांना परक्या मुलखात हक्काचे घर दिले. अमेरिकेतील ख्रिस्तसभा १३ नोव्हेंबर रोजी जिचा सण साजरा करते, ती संत फ्रान्सेस झेवियर काब्रिनी ही हजारो पोरक्या आणि परक्या माणसांची अशीच मावशी झाली. तिच्या जीवनाचे स्मरण आपण आज करू या.

मारिया फ्रान्चेस्का काब्रिनीचा जन्म १५ जुलै १८५० रोजी उत्तर इटलीतील सांत’आंजेलो लोदिजानो या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले हे मूल आयुष्यभर नाजूक प्रकृतीचे राहिले. तिचे मामा धर्मगुरू होते. त्यांच्याकडे गेली म्हणजे ती कागदाच्या होड्या करी, त्यांत रानफुले ठेवी आणि ही फुले म्हणजे चीनला निघालेले मिशनरी आहेत असे मानून त्या पाण्यात सोडी. एकदा ती स्वतःच पाण्यात पडली आणि तेव्हापासून पाण्याचे भय तिच्या मनात कायमचे बसले. पुढे याच बाईला वीसहून अधिक वेळा समुद्र ओलांडावा लागला, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

फ्रान्चेस्का शिक्षिका झाली. १८७० साली आईवडील दोघेही निवर्तले. दोन वर्षांनी देवीच्या रुग्णांची सेवा करता करता तिला स्वतःला देवी आल्या. तिने धर्मभगिनी होण्यासाठी अर्ज केला. परंतु अशक्त प्रकृतीमुळे नकार मिळाला. मग १८७४ साली कोदोन्यो येथील एका अनाथालयाची घडी बसविण्याचे काम तिच्याकडे आले. तेथील सहा वर्षे अपमानाची आणि मनस्तापाची गेली. तरीही तेथेच तिने व्रते घेतली आणि पूर्वेकडच्या देशांचे प्रेषित संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव आपल्या नावाला जोडले. ज्या संताचे शरीर जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेत आहे आणि ज्याच्या दर्शनाला आपण पिढ्यान्पिढ्या जात आलो, त्याच्याशी तिचे नाते हे असे जडले.

अनाथालय बंद झाले तेव्हा स्थानिक बिशपांनी तिला नवा धर्मसंघ स्थापन करण्यास सुचविले. १४ नोव्हेंबर १८८० रोजी सात सोबतिणींसह येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ सुरू झाला. ज्या काळी मिशनरी हे काम पुरुषांचेच समजले जाई, त्या काळी एका आजारी स्त्रीने हे पाऊल उचलले. मदर काब्रिनी यांची दृष्टी मात्र चीनवरच खिळलेली होती.

याच सुमारास इटलीतील दारिद्र्याला कंटाळून माणसे जहाजे भरभरून अमेरिकेला निघाली होती. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत ४० लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले. भाषा येत नाही, अंगावर धड कपडा नाही, अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहणे, आणि त्यांच्या भाषेत पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरूही जवळ नाही, अशी त्यांची अवस्था होती. पियाचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी, ज्यांना २०२२ साली संतपद मिळाले, यांनी मदर काब्रिनींना तिकडे जाण्याचा आग्रह केला. अखेर पोप तेरावे लिओ यांनी त्यांना पूर्वेकडे नव्हे तर पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. बालपणापासून जपलेले स्वप्न त्यांनी प्रभूच्या चरणी ठेवले. संत फ्रान्सिस झेवियर यांनाही चीनचा किनारा समोर असताना १५५२ साली सान्शियान बेटावर मृत्यू आला होता. नाव घेणारीलाही चीन लाभला नाही.

३१ मार्च १८८९ रोजी सहा भगिनींसह त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्यासाठी घर तयार नव्हते. पहिली रात्र एका गलिच्छ खोलीत प्रार्थनेत गेली. आर्चबिशप कॉरिगन यांनी त्यांना इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला. त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे, पोपमहोदयांच्या आज्ञेकडे बोट दाखविले आणि त्या राहिल्या. काही आठवड्यांतच अनाथ मुलींसाठी घर उघडले. भगिनी वस्तीतल्या दुकानांतून झोळी घेऊन अन्न मागत आणि मुलींना भरवीत.

पुढच्या वर्षी हडसन नदीकाठची एक जागा त्यांनी येशूसंघीयांकडून घेतली. तेथे पाण्याचा तुटवडा होता. शोध घेता झरा सापडला आणि मुलींना मोकळी हवा मिळाली. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले. त्याच शहरात पुढच्या वर्षी मदर काब्रिनींच्या भगिनी राहावयास गेल्या. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये आणि नंतर शिकागोमध्ये कोलंबस रुग्णालय सुरू झाले. शिकागोची इमारत घेताना विकणारे जागा कमी भरवतील अशी शंका येऊन भगिनींनी पहाटे दोरीने जमीन मोजली आणि फसवणूक पकडली, असे सांगतात. भक्ती आणि व्यवहार यांत त्यांना विरोध दिसत नसे. भगिनी कोलोरॅडोच्या खाणींत उतरल्या, तुरुंगांत गेल्या. स्वतः मदर काब्रिनींनी १८९५ साली चिलीहून अर्जेंटिनाला जाताना खेचरावर बसून अँडीज पर्वत ओलांडला. १९०९ साली सिएटल येथे त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याबरोबर आपणही येथलेच व्हावे, हाच त्या कृतीचा अर्थ आम्हाला वाटतो.

२२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागोच्या आपल्याच रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. आदल्या दिवशी त्या मुलांसाठी नाताळचा खाऊ बांधून ठेवण्यात मग्न होत्या. वय ६७ वर्षांचे. आणि उभारलेल्या संस्थाही ६७. ७ जुलै १९४६ रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या अमेरिकेच्या पहिल्या नागरिक. १९५० साली त्या स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत ठरल्या. शिकागोचे ते रुग्णालय आता राहिले नाही. त्यांचे प्रार्थनामंदिर मात्र आहे.

आपल्या घरांतूनही मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. त्यांच्यासाठी रोज रात्री रोझरी करताना, तेथे त्यांना कोणीतरी आपले म्हणावे, अशी आपण याचना करतो. पण आपल्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारा परप्रांतीय मजूर आणि त्याची आजारी बायको यांच्यासाठीही दूर कोठेतरी एक आई अशीच याचना करीत असते. तिच्या प्रार्थनेचे उत्तर कदाचित आपल्याच दारातून जावयाचे असेल. मदर काब्रिनींनी दार उघडण्यापूर्वी भय संपण्याची वाट पाहिली नाही. पाण्याला भिणारी ती बाई जहाजात चढली.

संत फ्रान्सेस झेवियर काब्रिनी, घरापासून दूर असलेल्या आमच्या लेकरांसाठी आणि आमच्या दाराशी आलेल्या परक्यांसाठी विनंती कर.