सो जे-पिल

सो जे-पिल (इंग्रजी नाव: फिलिप जेसन, जन्म: ७ जानेवारी १८६४, मृत्यू: ५ जानेवारी १९५१) हे कोरियन समाजसुधारक, पत्रकार, वैद्य व स्वातंत्र्यवादी नेते होते. कोरियन प्रथेनुसार 'सो' हे आडनाव प्रथम येते. केवळ हंगुल लिपीत निघणारे कोरियातील पहिले वृत्तपत्र त्यांनी सुरू केले आणि राज्यकारभार व परराष्ट्र धोरण या विषयांवर सर्वसामान्यांनी जाहीर चर्चा करण्याची प्रथा रुजवली.

प्रारंभिक जीवन

सो यांचा जन्म दक्षिण जोल्ला प्रांतातील बोसंग येथे झाला. १८८२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते शासकीय सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढील वर्षी त्यांना लष्करी शिक्षणासाठी जपानला पाठवण्यात आले. परतल्यावर ते किम ओक-ग्यून यांच्या सुधारणावादी गटात सामील झाले. डिसेंबर १८८४ मध्ये या गटाने सत्ता हाती घेतली. परंतु सामान्य जनतेचा पाठिंबा नसलेला हा उठाव चिनी सैन्याने तीन दिवसांत मोडून काढला. सो यांना देश सोडून पळावे लागले. मागे राहिलेल्या कुटुंबाने त्याची भीषण किंमत मोजली. त्यांचे आईवडील, पत्नी व भाऊ यांना प्राण गमवावे लागले आणि तान्हा मुलगाही दगावला.

अमेरिकेतील वास्तव्य

जपानमार्गे ते १८८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तेथे प्रारंभी त्यांनी मिळेल ते काम केले. एका उद्योजकाच्या साहाय्याने त्यांना पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरे येथे शिक्षण घेता आले. आपल्या कोरियन नावातील अक्षरे उलट क्रमाने घेऊन त्यांनी फिलिप जेसन हे नाव धारण केले. १८९० मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, तर १८९२ मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी मिळवली. हे दोन्ही मान मिळवणारे ते पहिले कोरियन होत.

वृत्तपत्र व जाहीर सभा

राजद्रोहाचा आरोप मागे घेतला गेल्यावर १८९५ च्या अखेरीस ते सोलला परतले. ७ एप्रिल १८९६ रोजी त्यांनी 'दोंगनिप सिनमुन' (स्वातंत्र्य वृत्तपत्र) सुरू केले. त्या काळी शासन व विद्वत्ता यांची भाषा अभिजात चिनी होती, त्यामुळे बहुसंख्य लोक राज्यकारभाराविषयी अनभिज्ञ राहत. हे पत्र मात्र हंगुलमध्ये, शब्दांमध्ये अंतर सोडून छापले जाई. त्यामुळे स्त्रिया व श्रमजीवीही ते वाचू शकत. परदेशी वाचकांना कोरियाची बाजू कळावी म्हणून एक पान इंग्रजीत असे.

जुलै १८९६ मध्ये सो यांच्या प्रेरणेने 'स्वातंत्र्य मंडळ' स्थापन झाले. चिनी राजदूतांच्या स्वागतासाठी उभारलेली जुनी कमान जेथे होती, तेथे मंडळाने लोकवर्गणीतून स्वातंत्र्य-द्वार बांधले. सो यांनी बेजे शाळेतील विद्यार्थ्यांना सभाशास्त्र व वादविवादाचे नियम शिकवले. ऑगस्ट १८९७ पासून मंडळाच्या सार्वजनिक वादसभा भरू लागल्या. पहिल्या सभेचा विषय लोकशिक्षण हा होता.

१० मार्च १८९८ रोजी सोलमधील जोंगनो येथे हजारो नागरिकांची सभा भरली. रशियन लष्करी प्रशिक्षक व अर्थसल्लागार यांना परत पाठवावे, अशी मागणी तिने केली. त्याच महिन्यात रशियाने त्यांना माघारी बोलावले. या प्रभावामुळे दरबारातील सनातनी गट व परकीय शक्ती अस्वस्थ झाल्या. सो यांचा शासकीय सल्लागारपदाचा करार मुदतीपूर्वी संपवण्यात आला आणि मे १८९८ मध्ये त्यांना कोरिया सोडावा लागला. त्यांच्यानंतर युन ची-हो यांनी काम पुढे नेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील सभेत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या खाटीक समाजातील पाक संग-चुन यांनी मंत्र्यांच्या उपस्थितीत भाषण केले. मात्र वर्षअखेरीस मंडळ बरखास्त झाले व १८९९ मध्ये वृत्तपत्रही बंद पडले.

उत्तरायुष्य

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन केला. १९१९ च्या 'एक मार्च' चळवळीनंतर, फिलाडेल्फियात मुद्रण व्यवसाय करणाऱ्या सो यांनी तेथे एप्रिलमध्ये कोरियन परिषद भरवली. अमेरिकन लोकमत वळवण्यासाठी त्यांनी माहिती केंद्र चालवले व 'कोरिया रिव्ह्यू' हे मासिक काढले. या कार्यात स्वतःचा पैसा खर्ची पडून १९२४ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. त्यानंतर, साठी उलटल्यावर, ते पुन्हा वैद्यकीय अध्ययनाकडे वळले.

१९४७ मध्ये ते अमेरिकी लष्करी प्रशासनाचे सल्लागार म्हणून कोरियात गेले. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याची समर्थकांची विनंती नाकारून ते १९४८ मध्ये अमेरिकेस परतले. कोरियन युद्ध सुरू असतानाच पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या अस्थी १९९४ मध्ये सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आणण्यात आल्या. 'दोंगनिप सिनमुन'चा स्थापनादिन, ७ एप्रिल, दक्षिण कोरियात वृत्तपत्र दिन म्हणून पाळला जातो. मूठभरांच्या उठावाला जे साधले नाही, ते लोकांना वाचायला व बोलायला शिकवून साधावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता.